वेग शून्य असायलाच हवा

धाकटीने ती नोकरी धरली ती सूड उगवायला. मुलाखतीत विचारलं, आमच्याकडेच का यावंसं वाटलं, तेव्हा तिने गोड हसून सांगितलं की लिफ्टचं मला लहानपणापासून वेड आहे. लग्नानंतरचं आडनाव कामी आलं. त्या आडनावावरून तिचा माहेरचा भाऊ कोण, हे कुणाच्या बापालाही कळलं नसतं.

भाऊ म्हणजे दादा. लिफ्ट दुरुस्त करणारा मेकॅनिक, बावीस वर्षं त्याच कामात मुरलेला. तीन वर्षांपूर्वी एका इमारतीत लिफ्टच्या छतावर उभा राहून तो दोर तपासत होता. छतावर चढलं की पहिलं काम म्हणजे दुरुस्तीचा स्विच चालू करायचा. तो चालू असला की कुठल्याही मजल्यावरून कुणी कितीही बटणं दाबोत, लिफ्टने जागचं हलायचं नसतं. दादा जीव तोडून सांगत होता की स्विच मी चालू केला होता. तरी लिफ्ट हलली आणि त्याचा उजवा पाय घोट्याच्या वरपासून गेला.

चौकशी झाली. लिफ्ट चालवणारं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीने उशीएवढी जाड फाईल आणली. त्यात एक ओळ होती: 'दुरुस्तीचा स्विच चालू असताना हाक आली तर – टेस्ट पास.' हाक म्हणजे मजल्यावरचं बटण दाबून लिफ्ट बोलावणं. त्या एका ओळीने दादाला खोटं पाडलं. कंपनीचे साहेब निरीक्षकांसमोर पाय लांब करून बसले होते. "मेकॅनिक लोकांना घाई असते हो," ते म्हणाले, "विसरतात स्विच." धाकटी दादाच्या मागच्या खुर्चीत बसली होती. तिने तो चेहरा तेव्हाच मनात कोरून ठेवला; साहेबांनी मात्र तिच्याकडे ढुंकूनही बघितलं नव्हतं. दादाच्या नावापुढे 'निष्काळजी' असा शेरा पडला आणि परवाना गेला. पाय गेल्याचं त्याने कसंबसं सोसलं, पण तो शेरा काही केल्या त्याच्या मनातून जाईना. आता तो पुढच्या खोलीत टेबल मांडून लोकांचे पंखे आणि इस्त्र्या दुरुस्त करतो, आणि वस्तू परत देताना गिऱ्हाईकाला तीनतीनदा सांगतो, तपासलंय बरं का, नीट तपासलंय. ते ऐकलं की धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

धाकटी पेशाने टेस्टर. टेस्ट म्हणजे प्रोग्रामला विचारलेला छोटासा प्रश्न: हा स्विच चालू कर, ते बटण दाब, आता सांग काय झालं. आणि टेस्टच्या शेवटी एक ओळ असते, जी ठासून सांगते की उत्तर हेच असायला हवं. तिला असर्शन म्हणतात. सगळा जीव त्या ओळीत. ती ठणठणीत लिहिलेली असेल तर टेस्ट पहारा देते. ती गुळमुळीत असेल तर पहारेकरी खुर्चीत घोरत पडलेला असतो आणि दारावर पाटी मात्र असते, की इथे पहारा आहे.

ह्या कंपनीत सगळेच पहारेकरी घोरत होते. हॉलच्या भिंतीवर एक मोठा पडदा होता. सगळ्या टेस्ट पास असल्या की तो हिरवा, एक जरी नापास झाली की लाल. चौकशीतले ते साहेब ह्याच हॉलचे प्रमुख. हिरव्या रंगासाठी ते इतके वेडे होते की त्यांच्या पाठीमागे सगळे त्यांना हिरवेसाहेब म्हणत. त्यांचा नियम एकच होता: पडदा लाल असेल तर कुणी घरी जायचं नाही. मग माणसं काय करणार? बिघाड शोधायला दोन दिवस लागतात, असर्शन ढिलं करायला दोन मिनिटं. 'वेग इतकाच असायला हवा' ह्याच्या जागी 'वेग काहीतरी असावा' असं लिहिलं की पडदा हिरवागार. ह्या धंद्याला हॉलमध्ये 'सैल करणं' म्हणत आणि त्यात कुणाला लाजही वाटत नसे.

"अगं, सैल कर ना जरा," शेजारच्या टेबलावरचा चष्मेवाला तिला पहिल्याच आठवड्यात म्हणाला होता, "जेवणं खोळंबलीत सगळ्यांची." चष्मेवाला स्वभावाने गरीब आणि पोटाने हळवा. धाकटीने हसून मान डोलावली होती. सात महिने ती मान डोलावत राहिली, चांगली मुलगी म्हणून नाव कमावत राहिली, आणि वाट बघत राहिली.

सातव्या महिन्यात लिफ्टच्या सुरक्षेचा जुना भाग तिच्या टेबलावर आला. तो सोमवार होता. दुपारच्या सुस्तीत हॉल पेंगत होता आणि धाकटीच्या समोर ती टेस्ट उघडली, जिच्या एका ओळीने तिच्या दादाला खोटं ठरवलं होतं.

टेस्ट तशी हुशार माणसाने लिहिलेली होती. दुरुस्तीचा स्विच चालू केलेला. सहाव्या मजल्यावरचं बटण दाबलेलं, आणि एका सेकंदाच्या आत पुन्हा दाबलेलं, जसं उतावीळ माणूस दाबतो. आणि शेवटची ओळ? 'उत्तर रिकामं नसावं.' बस. लिफ्ट थांबली तर उत्तर 'थांबली', रिकामं नाही, पास. लिफ्ट वर गेली तर उत्तर 'वर', तेही रिकामं नाही, पास. छतावरच्या माणसाचा चेंदामेंदा झाला तरी उत्तर रिकामं नव्हतं.

तिने ती ओळ पुसली आणि लिहिलं: वेग शून्य असायलाच हवा. टेस्ट चालवली. तिचा स्वतःचा छोटा पडदा लालभडक झाला. अपेक्षित वेग शून्य, मिळालेला शून्य पूर्णांक सहा. पहिली हाक स्विच अडवत होता. लगेचची दुसरी हाक स्विचला न जुमानता आत घुसत होती. सहाव्या मजल्यावर कुणीतरी घाईत दोनदा बटण दाबलं होतं, एवढीच तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. धाकटीने त्या निकालाचा कागद छापला, बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि ओंजळीत तोंड घालून रडली. दादा खरं बोलत होता. तिचा त्याच्यावर विश्वास होताच, पण कुठेतरी एक नखाएवढी शंका तिलाही होती, आणि त्या नखाएवढ्या शंकेचीच तिला आता जास्त शरम वाटली.

सरळ वाट समोर होती. कागद उचलायचा आणि निरीक्षकांच्या टेबलावर ठेवायचा. पण ती ओळ सैल केली कुणी? तिने बदलांचा इतिहास उघडला, जिथे प्रत्येक ओळ कुणी कधी बदलली ते नावासकट दिसतं. दोन वर्षांपूर्वी कंपनीने सगळे प्रोग्राम जुन्या संगणक-भांडारातून नव्या भांडारात हलवले होते, आणि त्या हलवाहलवीत प्रत्येक ओळीवर एकच नाव पडलं होतं: स्थलांतर. म्हणजे हिरवेसाहेब कानांवर हात ठेवणार. अरेरे, कुणी तरी जुन्या माणसाने चूक केली वाटतं, आता दुरुस्त करू, असं म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच खुर्चीत पाय लांब करून बसणार. धाकटीला ते नको होतं. तिला बिघाड नको होता, माणूस हवा होता. तो माणूस तिला हॉलमध्ये, सगळ्यांदेखत, स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या नावाने ते पाप पुन्हा करताना बघायचा होता.

पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी दुपारी बारा वाजता सॉफ्टवेअरचं नवं व्हर्जन बाहेर जायचं होतं. मधले सगळे दिवस तिने ती टेस्ट घासूनपुसून लख्ख केली. आयुष्यात कुठलंच काम तिने इतक्या मन लावून केलं नव्हतं. जुन्या टेस्टमध्ये एकाखाली एक पाच तपासण्या कोंबल्या होत्या, म्हणजे साहेब म्हणू शकले असते की दुसरंच काही बिनसलं असेल. तिने ही तपासणी वेगळी काढली. एक टेस्ट, एकच गोष्ट. वेगाचा आकडा बघून ते म्हणाले असते की यंत्राचं मोजमाप थोडं थरथरतं. मग तिने वेगासोबत अंतरही मोजलं. थरथरून कुणी अडीच मीटर वर जात नाही. नापास झाल्यावर पूर्वी फक्त 'हो हवं होतं, नाही मिळालं' असं यायचं, ज्यातून ब्रह्मदेवालाही काही कळलं नसतं. तिने तिथे साधी, पूर्ण वाक्यं लिहिली. प्रत्येक शब्दागणिक ती एकेक पळवाट बुजवत होती, आणि प्रत्येक वाट बुजली की तिला बरं वाटत होतं. रोज जेवायच्या सुट्टीत ती ती वाक्यं मनातल्या मनात हिरवेसाहेबांच्या आवाजात वाचून बघायची.

शुक्रवारी सकाळी दहा वाजता तिने ती टेस्ट मोठ्या पडद्यावर सोडली आणि पडदा लाल झाला. हॉलमधल्या सगळ्या माना तिकडे वळल्या. हिरवेसाहेब आपल्या काचेच्या खोलीतून तरातरा बाहेर आले.

"हे काय आहे?"

"टेस्ट आहे, सर. लाल आहे."

"ते दिसतंय मला. आजच का?" असं म्हणत त्यांनी पडद्यावरचं मोठ्याने वाचायला सुरुवात केली, आणि वाचता वाचता त्यांचा आवाज खाली येत गेला. "दुरुस्तीचा स्विच चालू आहे. सहाव्या मजल्यावरचं बटण एका सेकंदात दोनदा दाबलं. लिफ्ट जागची हलता कामा नये. हलायला हवी होती शून्य मीटर. हलली दोन पूर्णांक चार मीटर, वर. छतावर माणूस असेल तर तो चिरडला जाईल." ते थांबले. "हे शेवटचं कशाला? ही टेस्ट आहे की पोलिसांतली फिर्याद?"

"कळावं म्हणून, सर. लाल झाल्यावर वाचणाऱ्याला नेमकं काय बिघडलंय ते कळायला हवं ना."

"बारा वाजता व्हर्जन जायचंय. सैल कर."

"सर, सैल केलं तर स्विच चालू असताना लिफ्ट हलते ही गोष्ट झाकली जाईल. चालेल तुम्हाला?"

"अगं, पण बटण दोनदा दाबतं कोण?"

"सगळेच दाबतात, सर," चष्मेवाल्याच्या तोंडून निघून गेलं, आणि लगेच त्याने मान खाली घातली.

"मी नाही करणार, सर," धाकटी म्हणाली. आवाज तिने मुद्दाम मऊ ठेवला होता. "माझ्या नावाने तर नाहीच. तुम्हाला योग्य वाटत असेल तर तुम्ही करा, तुमच्या नावाने."

हिरवेसाहेबांचा चेहरा पडद्यापेक्षा लाल झाला. हॉलमधली वीस माणसं बघत होती आणि पोरसवदा बाईपुढे हार खायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी खुर्ची ओढली. "चार वर्षांपूर्वीही ह्याच टेस्टने असंच डोकं खाल्लं होतं," पासवर्ड टाकता टाकता ते करवादले, "तेव्हाही मीच सैल केली होती. कुठे आभाळ कोसळलं?"

धाकटीच्या कानात ते वाक्य मधासारखं उतरलं. सात महिन्यांच्या मान डोलावण्याचं चीज झालं. हिरवेसाहेबांनी ओळ बदलली, बदलाचं कारण विचारलं तिथे 'किरकोळ, पुढच्या वेळी बघू' असं लिहिलं, आणि पडदा हिरवा झाला. खाली त्यांचं नाव उमटलं, तारखेसकट आणि वेळेसकट. ह्या वेळी ते स्थलांतर नव्हतं.

पंधरा मिनिटांत ते सगळं कंपनीच्या मालकांकडे आणि लिफ्ट निरीक्षकांकडे पोचलं: आधीचा संदेश, नंतरचा बदल, नाव, आणि चष्मेवाल्याची सही असलेला एक कागद, की ते वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलं. चष्मेवाला सही करताना घामाघूम झाला होता, पण त्याने केली. व्हर्जन अडवलं गेलं. दोन वाजता हिरवेसाहेबांना वर बोलावलं आणि पाऊण तासाने ते खोलीतलं सामान एका खोक्यात भरून निघाले. निरीक्षकांचा फोन आला. तेच निरीक्षक, पण आवाज पार बसलेला. जुना शेरा मागे घेतो म्हणाले, आणि सोमवारी सगळ्या इमारतींना नोटीस काढतो म्हणाले.

हिरवेसाहेब दाराशी पोचले तेव्हा धाकटी मुद्दाम आडवी उभी होती.

"सर, मेकॅनिक लोकांना घाई असते, असं तुम्ही चौकशीत म्हणाला होता. तो मेकॅनिक माझा दादा."

साहेबांनी तिच्याकडे बघितलं. तोंड उघडलं, पण शब्द फुटला नाही. धाकटीने दार त्यांच्यासाठी उघडून धरलं. तीन वर्षांत पहिल्यांदा तिला कडकडून भूक लागली.

चार वाजता ती माहेरी पोचली. वहिनीने दार उघडलं, धाकटीचा चेहरा बघूनच ती घाबरली, मग समजलं की हे वाईट नाही, चांगलं आहे. दादा टेबलापाशी बसला होता, पुढ्यात एक उघडा पंखा. धाकटीने सगळे कागद त्याच्यासमोर मांडले. तो एकेक ओळ बोट ठेवून वाचत गेला. 'हलायला हवी होती शून्य मीटर. हलली दोन पूर्णांक चार मीटर' ह्या ओळीवर बोट बराच वेळ थांबलं.

"म्हणजे मी लावला होता स्विच," तो म्हणाला.

"लावला होतास, दादा."

वहिनीने पदर तोंडाला लावला. दादाने नाक पुसलं, हसला, पुन्हा नाक पुसलं. मग त्याने सगळ्यांत खालचा कागद उचलला, धाकटीने पहिल्यांदा छापलेला, आणि त्याच्या कोपऱ्यातली तारीख वाचली.

"हा सोमवारचा दिसतोय."

"हो ना, तेव्हाच सापडलं मला."

"ह्या सोमवारचाही नाही. मागच्या."

"अरे, तेव्हाच दिला असता तर तो साहेब सुटला असता," धाकटी खुर्ची पुढे ओढत म्हणाली, आणि तिने सापळ्याची सगळी हकीकत रंगवून सांगितली. त्याचा आवाज कसा उतरत गेला, चष्मेवाला काय बोलला, साहेब दाराशी कसा मुका झाला. दादा ऐकत होता. हसत नव्हता.

"ह्यांच्या किती लिफ्ट आहेत गावात?"

"दोनशे बारा."

"त्यांच्यावर माझीच माणसं चढतात, धाकटे. माझ्याबरोबरची. स्विच लावतात आणि निर्धास्त कामाला लागतात." त्याने कागद खाली ठेवला. "माझं नाव मला मागच्या सोमवारीच मिळालं असतं. पुढचे अकरा दिवस कुणासाठी होते?"

दादाने उत्तराची वाट बघितली नाही. त्याने फोन ओढला आणि पाठ असलेले नंबर फिरवायला लागला. "वर चढण्याआधी मेन पाड. स्विचवर भरवसा ठेवू नकोस. कारण मग सांगतो, आधी पाड." एक झाला, दोन झाले, पाच झाले. सहावा लंबू. अपघाताच्या दिवशी स्वतःचा शर्ट फाडून दादाचा पाय आवळणारा तो हाच. त्याने चारदा फोन उचलला नाही. दादाने त्याच्या घरी लावला. बायको म्हणाली, बँकेच्या मागच्या इमारतीत आहेत दुपारपासून, फोन खाली पिशवीत असतो त्यांचा.

दादा आपला पाय शोधायला लागला. तो खुर्चीमागे भिंतीशी टेकवलेला होता आणि पट्टे बांधायला त्याला पाच मिनिटं लागत. "मी जाते," असं म्हणेपर्यंत धाकटी रस्त्यावर होती.

ती इतकी धावली की चौकात तिची चप्पल सुटली आणि ती तशीच पुढे गेली. इमारतीच्या तळमजल्यावर लिफ्टच्या दाराशी कसलीही पाटी नव्हती. दोन पिशव्या घेतलेला एक गृहस्थ बटणाकडे हात नेत होता. धाकटीने त्याला खांद्याने ढकललं आणि बटण पाठीमागे घालून उभी राहिली.

"अहो, काय हे?" गृहस्थ ओरडला.

"हात लावायचा नाही. वर माणूस आहे." मग वॉचमनकडे वळून ती किंचाळली, "मेन कुठे आहे? पाडा आधी मेन!"

"मेन गच्चीवर, ताई."

"मग पळा ना!"

वॉचमन जिन्याने पळाला. नऊ मजले. धाकटीने एक बटण अडवलं होतं आणि आणखी नऊ बटणं मोकळी होती. वर कुठेतरी दार लागल्याचा आवाज झाला, कुणाच्या तरी चपला वाजल्या, कुणी तरी हसलं. कोण कुठल्या मजल्यावर कंटाळून बटण टकटक दाबतंय हे तिला दिसत नव्हतं, आणि एका सेकंदात दोनदा म्हणजे किती सोपं हे तिच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. तिने जिन्याच्या दिशेने तोंड करून घसा फाटेपर्यंत ओरडायला सुरुवात केली, बटण दाबू नका, कुणी बटण दाबू नका. गृहस्थ पिशव्या खाली ठेवून तिच्याकडे बघत राहिला. मग काय वाटलं कोण जाणे, तोही ओरडायला लागला.

दारावरचा मजल्याचा आकडा विझला. मेन पडलं होतं.

थोड्या वेळाने लंबू जिन्याने खाली आला, हात कोपरापर्यंत काळे, कपाळाला आठ्या. "कोण बाई बोंब मारतेय?" मग त्याने तिला ओळखलं. "तू? दादा बरा आहे ना?"

तिने त्याला सांगितलं. श्वास लागलेला होता, तरी तिने नीट सांगितलं: स्विच, दोनदा बटण, अडीच मीटर. ऐकता ऐकता लंबूने कठडा धरला.

"काल दोन इमारती केल्या मी," तो म्हणाला. "परवा एक. त्याच्या आधी..." त्याने बोटं मोजायची सोडून दिली. "हे कळलं कधी तुला?"

आजच कळलं, असं ती म्हणू शकली असती. कोण तपासणार होतं? धाकटी बटणासमोरून बाजूला झाली.

"मागच्या सोमवारी. अकरा दिवस झाले. मी कुणाला सांगितलं नाही, कारण मला तो साहेब पकडायचा होता."

लंबूने खाली वाकून कोपऱ्यातली पिशवी उघडली, फोन काढला, दादाला लावला आणि तिच्याकडे पाठ करून बोलू लागला.